मुदतीच्या तोंडावरचे प्राप्तिकर विवरणपत्र

ज्या करदात्याच्या हिशेबांचे लेखापरीक्षण सक्तीचे नाही, त्याने आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ जुलैपर्यंत प्राप्तिकर विवरणपत्र भरावे, असे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम १३९(१) सांगते. नोकरदार, निवृत्तिवेतनधारक आणि व्याज-भाड्यावर जगणारे बहुतेक सर्व जण या तारखेत येतात. कंपन्यांना आणि लेखापरीक्षण लागणाऱ्यांना ३१ ऑक्टोबरपर्यंत वेळ असतो. ३१ जुलैची मुदत कागदावर चार महिन्यांची असली तरी हाती येते ती जेमतेम दीड महिन्याची. जानेवारी ते मार्च या तिमाहीत कापलेल्या टीडीएसचे विवरण ३१ मेपर्यंत दाखल होते, शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या व्यवहारांची माहिती खात्याकडे त्याच सुमारास पोहोचते आणि फॉर्म १६ हाती येतो १५ जूनपर्यंत. त्याआधी विवरणपत्र भरले तर एखादी रक्कम निसटण्याची भीती राहते. म्हणून जूनपर्यंत थांबणे शहाणपणाचेच असते. अडचण होते ती पुढच्या सहा आठवड्यांतले पाच असेच निघून जातात तेव्हा.

शेवटच्या दिवसाची गर्दी किती असते याची नोंद खात्यानेच जाहीर केली आहे. ३१ जुलै २०२४ पर्यंत एकूण ७.२८ कोटी विवरणपत्रे दाखल झाली, त्यातली ६९.९२ लाख एकट्या ३१ जुलैला. त्या संध्याकाळी ७ ते ८ या एका तासात ५.०७ लाख लोकांनी विवरणपत्र भरले. आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, शेवटच्या दिवसाचा आकडा ६४.३३ लाख होता. अशा तासाला पोर्टल संथ होते, ओटीपी उशिरा येतो, आणि मुख्य म्हणजे मदत करू शकणारा सीए किंवा करसल्लागार फोन उचलण्याच्या स्थितीत नसतो.

मुदतवाढ मिळेलच असे गृहीत धरण्याची सवयही या गर्दीला कारणीभूत आहे. सवय अगदी निराधार नाही. २०१९ मध्ये तारीख ३१ ऑगस्टपर्यंत पुढे गेली, करोनाच्या काळात ती १० जानेवारी २०२१ पर्यंत लांबली आणि नव्या पोर्टलच्या अडचणींमुळे पुढच्या खेपेला ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत. २०२२, २०२३ आणि २०२४ या तीन वर्षांत मात्र ३१ जुलै म्हणजे ३१ जुलैच राहिला आणि मुदतवाढीच्या भरवशावर बसलेल्यांना विलंब शुल्क भरावे लागले. २०२५ मध्ये फॉर्ममध्ये मोठे बदल झाल्यामुळे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने मे महिन्यातच १५ सप्टेंबर ही नवी तारीख जाहीर केली. त्याच दिवशी अग्रिम कराचा दुसरा हप्ताही येतो, म्हणजे एकाच पोर्टलवर दोन गर्दी एकत्र आल्या. १५ तारखेच्या रात्री आणखी एक दिवस वाढवून मिळाला. तोवर असंख्य लोकांनी रात्रीपर्यंत जागून काम उरकले होते.

पुढील आकडे आणि नियम याच वर्षाचे, म्हणजे आर्थिक वर्ष २०२४-२५ आणि आकारणी वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या नव्या कायद्यात या दोन वर्षांच्या जोडीऐवजी एकच ‘कर वर्ष’ आहे. त्याआधीच्या उत्पन्नाला मात्र जुनाच कायदा लागू राहतो.

उशिराची खरी किंमत

मुदत चुकली की ५,००० रुपये भरावे लागतात, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. कलम २३४एफ प्रमाणे हे विलंब शुल्क आहे, आणि एकूण उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर ते १,००० रुपये होते. पण हा सर्वांत किरकोळ भाग आहे. मोठे नुकसान होते ते हक्क गमावल्यामुळे, आणि त्याची पावती कुणी देत नाही.

पहिला हक्क करप्रणाली निवडण्याचा. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. नोकरदाराला जुनी हवी असेल तर ती विवरणपत्रात निवडता येते, पण मुदतीच्या आत भरलेल्या विवरणपत्रातच. एक उदाहरण आकड्यांसह पाहण्यासारखे आहे. पुण्यात भाड्याने राहणाऱ्या एका नोकरदाराचा वर्षाचा पगार ११ लाख रुपये, त्यात मूळ वेतन साडेपाच लाख आणि घरभाडे भत्ता २ लाख २० हजार. भाडे महिना २५,०००. मुदत ठेवींवर ६०,००० रुपये व्याज, ज्यातून बँकेने ६,००० टीडीएस कापला, आणि बचत खात्यावर ८,००० व्याज. ८०सीची पूर्ण दीड लाखाची गुंतवणूक आणि २५,००० रुपयांचा आरोग्य विमा.

जुन्या प्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट तीन रकमांपैकी सर्वांत लहान रकमेइतकी मिळते: प्रत्यक्ष भत्ता २,२०,०००, भाड्यातून मूळ वेतनाचा दहावा भाग वजा करून २,४५,०००, आणि मूळ वेतनाचे ४० टक्के, म्हणजे २,२०,०००. (हे ४० टक्के पुण्याचे, मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत ५० टक्के धरतात.) ही सूट, ५०,००० ची प्रमाणित वजावट आणि महाराष्ट्रातला २,५०० रुपये व्यवसाय कर वजा केल्यावर पगार उरतो ८,२७,५००. त्यात ६८,००० व्याज मिळवून आणि ८०सी, ८०डी, ८०टीटीएच्या १,८३,००० रुपयांच्या वजावटी काढून करपात्र उत्पन्न ७,१२,५०० होते. उपकरासह कर ५७,२०० रुपये. कंपनीला व्याजाची कल्पना नव्हती म्हणून तिने पगारावर ४४,७२० रुपयेच कापले. बँकेचे ६,००० धरून ५०,७२० झाले. म्हणजे वेळेत भरणाऱ्याने ६,४८० रुपये भरले की हिशेब पूर्ण. बाकी १०,००० च्या आत असल्याने अग्रिम कर न भरल्याचे व्याजही नाही.

हेच विवरणपत्र मुदतीनंतर चार दिवसांनी भरले तर जुनी प्रणाली हातची जाते. नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट तेवढी मिळते, करपात्र उत्पन्न १०,९३,००० होते आणि कर ६६,५१० रुपये. कापलेला कर वजा जाता १५,७९० बाकी. बाकीने १०,००० ची रेषा ओलांडल्यामुळे अग्रिम कराचे कलम २३४बी आणि २३४सी लागू होतात, आणि उशिराचे दरमहा १ टक्का व्याज लावणारे २३४ए आहेच. महिन्याचा एक दिवस उजाडला तरी पूर्ण महिना धरला जातो. वर ५,००० शुल्क. चार दिवसांच्या उशिरापायी या घराचे १४,३१० रुपये आणि व्याज गेले, आणि त्यातले ९,३१० फक्त निवड गमावल्याचे.

दुसरा हक्क तोटा पुढे नेण्याचा. शेअरबाजारातला किंवा धंद्यातला तोटा पुढील आठ वर्षांच्या नफ्यातून वळता करता येतो, पण तो मुदतीत भरलेल्या विवरणपत्रात दाखवला असेल तरच. यंदा नफा नाही, तोटाच झाला, मग भरायचे कशाला, असा विचार करणारे तरुण गुंतवणूकदार पुढच्या तेजीच्या वर्षी पूर्ण कर भरतात. घरावरच्या कर्जव्याजाचा तोटा याला अपवाद आहे. तो उशिरा भरलेल्या विवरणपत्रातूनही पुढे जातो. परतावा येणे असेल तर त्यावरचे दरमहा अर्धा टक्का व्याज वेळेत भरणाऱ्याला १ एप्रिलपासून मिळते, उशीर करणाऱ्याला विवरणपत्र भरल्याच्या तारखेपासून.

आधी जुळवणी, मग फॉर्म

शेवटच्या दिवसांत भरणारे बरेच लोक थेट फॉर्म उघडतात आणि पोर्टलने आधीच भरून ठेवलेले आकडे पाहून पुढे जातात. इथेच बहुतेक चुका होतात. फॉर्म उघडण्यापूर्वी तीन कागद समोर हवेत: फॉर्म १६, फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस. २६एएसमध्ये कापलेला कर दिसतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेले एआयएस त्याच्या पुढे जाते. बचत खात्याचे व्याज, लाभांश, शेअर आणि म्युच्युअल फंडांची विक्री, घराची खरेदी, परदेशी पाठवलेले पैसे, असे पॅनशी जोडलेले बरेच व्यवहार त्यात असतात. विवरणपत्र आल्यावर खाते ते याच यादीशी ताडून पाहते, म्हणून करदात्यानेही ते आधी ताडावे.

एआयएस ही खात्याकडे आलेली माहिती आहे, अंतिम सत्य नव्हे. संयुक्त खात्यावरचे सगळे व्याज पहिल्या नावावर दिसते, पैसे दुसऱ्याचे असले तरी. एकच व्यवहार दोनदा नोंदलेला आढळतो. अशा नोंदीसमोर प्रतिसाद देण्याची सोय आहे आणि ती वापरावी. उलट बाजूनेही सावध राहावे लागते, कारण एआयएसमध्ये नसलेले उत्पन्न करमुक्त होत नाही. पतसंस्थेतल्या ठेवीचे व्याज तिथे दिसले नाही तरी ते दाखवायचेच असते.

वर्षात नोकरी बदललेल्यांसाठी सर्वांत महत्त्वाची जुळवणी दोन फॉर्म १६ ची. नव्या कंपनीला आधीच्या पगाराची माहिती दिली नसेल तर दोन्ही कंपन्या प्रमाणित वजावट आणि करमुक्त मर्यादा स्वतंत्रपणे धरतात. प्रत्येक फॉर्म १६ आपल्या जागी बरोबर असतो आणि बेरीज केली की मोठी बाकी निघते. ३० जुलैला रात्री ही बाकी पहिल्यांदा दिसली तर पैसे उभे करायलाही वेळ उरत नाही.

काही पूरक फॉर्म विवरणपत्राच्या आधी जायला हवेत, आणि हे घाईत हमखास विसरले जाते. वेतन आयोगाची थकबाकी हप्त्यांनी मिळालेल्या शिक्षकाला किंवा राज्य कर्मचाऱ्याला आधीच्या वर्षांचे उत्पन्न एकाच वर्षात आल्याबद्दल कलम ८९ ची सवलत मिळते, पण फॉर्म १०ई आधी दाखल केला असेल तरच. तो न भरता सवलतीची रक्कम टाकली तर ती नाकारली जाते आणि काही महिन्यांनी मागणीची सूचना येते. धंद्याचे उत्पन्न असणाऱ्याला जुनी प्रणाली हवी असेल तर त्याचा फॉर्म १०-आयईए सुद्धा मुदतीतच भरावा लागतो.

कोणता आयटीआर

आयटीआर-१, म्हणजे ‘सहज’, हा ५० लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या निवासी व्यक्तीसाठी आहे: पगार किंवा निवृत्तिवेतन, एक घर, व्याज, आणि २०२५ पासून सूचिबद्ध शेअर किंवा इक्विटी फंडांवरचा सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा. छोटे व्यावसायिक आणि दुकानदार अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत ‘सुगम’, म्हणजे आयटीआर-४ भरतात. यापलीकडचे भांडवली नफे आले की आयटीआर-२, हिशेब ठेवून चालवलेला धंदा आला की आयटीआर-३.

सहजच्या मर्यादा महाराष्ट्रात तीन ठिकाणी अनेकदा ओलांडल्या जातात. एक, शेती. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी ते ५,००० रुपयांवर गेले की सहज चालत नाही. शहरात नोकरी आणि गावाकडे उसाचे बिल अशा कुटुंबांना आयटीआर-२ लागतो, आणि करमुक्त असलेले हे उत्पन्न बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवताना हिशेबात धरले जाते. दोन, परदेशी कंपनीचे शेअर. पुण्या-मुंबईच्या आयटी क्षेत्रात पगारासोबत मिळणारे असे शेअर परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावे लागतात, आणि हे परिशिष्ट आर्थिक वर्षाचे नसून ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचे असते. ते शेवटच्या रात्री जुळवणे अवघड जाते, कारण दोन्ही वर्षांची विवरणे दलालाकडून मागवावी लागतात. तीन, अनिवासी. आखातात किंवा अमेरिकेत असलेल्या व्यक्तीला भारतात नुसते बँकेचे व्याज असले तरी सहज वापरता येत नाही.

गोव्याचे प्रकरण याहून निराळे आहे. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेनुसार पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते, आणि प्राप्तिकर कायद्याचे कलम ५ए तोच नियम करात आणते. पगार ज्याने कमावला त्याचा. बाकी घरभाडे, व्याज, धंद्याचा नफा, भांडवली नफा यांचे दोन समान भाग होऊन प्रत्येकाच्या विवरणपत्रात अर्धा-अर्धा जातो. असे उत्पन्न असेल तर सहज चालत नाही आणि परिशिष्ट ५ए भरावे लागते. बँकेने मात्र टीडीएस एकाच्याच पॅनवर कापलेला असतो. त्यातला वाटा जोडीदाराच्या विवरणपत्रात घेण्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. म्हणून गोव्यातल्या अशा जोडप्याने दोन्ही विवरणपत्रे एकाच बैठकीत तयार करणे सोयीचे ठरते. एकाने अर्धे दाखवले आणि दुसऱ्याने दाखवलेच नाही, तर चूक दोघांच्याही हिशेबात निघते.

वजावटी आणि पुरावे

कार्यालयात जानेवारीत पुरावे द्यायचे राहिले म्हणून वजावट बुडत नाही. पावत्या खऱ्या असतील तर जुन्या प्रणालीत ती विवरणपत्रात थेट घेता येते. ही सवलत प्रामाणिक करदात्याची आहे, आणि तिचाच गैरफायदा शेवटच्या आठवड्यात सर्वाधिक घेतला जातो. टक्केवारीवर परतावा मिळवून देणारे मध्यस्थ न दिलेल्या देणग्या, न भरलेले भाडे आणि नसलेला विमा विवरणपत्रात घालतात. जुलै २०२५ मध्ये खात्याने अशा खोट्या वजावटींविरुद्ध देशभर एकाच वेळी दीडशे ठिकाणी पडताळणी केली. त्याच वर्षीपासून फॉर्ममध्ये विम्याच्या पॉलिसीचा क्रमांक आणि घरभाड्याचा तपशील मागितला जाऊ लागला. भाडे वर्षाला लाखावर असेल तर घरमालकाचा पॅन लागतो. उत्पन्न चुकीच्या माहितीने दडवल्याचे ठरले तर दंड कराच्या २०० टक्के असतो, आणि विवरणपत्र मध्यस्थाने भरले तरी जबाबदारी ज्याचा पॅन त्याचीच.

पैसे, पाठवणी, पडताळणी

कराची बाकी निघत असेल तर ती पाठवणीच्या आधी भरावी. पोर्टलवरच्या ‘ई-पे टॅक्स’मध्ये स्व-आकारणी कराचा प्रकार ३०० हा निवडायचा असतो. इथे एक नेहमीची गफलत होते. आकारणी वर्ष निवडताना २०२५-२६ ऐवजी २०२४-२५ निवडले जाते, पैसे सरकारजमा होतात आणि विवरणपत्रात बाकी तशीच राहते. चलनावरचा सात अंकी बीएसआर कोड आणि पाच अंकी अनुक्रमांक विवरणपत्रात आला आहे ना, हे पाहूनच पुढे जावे. परताव्यासाठी बँक खाते पोर्टलवर आधी प्रमाणित केलेले लागते. पॅनवरचे आणि बँकेतले नाव जुळत नसेल, उदाहरणार्थ लग्नानंतर एकाच ठिकाणी नाव बदललेले असेल, तर हे काम त्या रात्री होत नाही. पॅन-आधार जोडणीचेही तसेच. म्हणून मुदतीच्या आठ दिवस आधी बाकी काही झाले नाही तरी या दोन गोष्टी तपासाव्यात.

पोर्टल अडखळत असेल तर ऑफलाइन सुविधेचा उपयोग होतो. आधी भरलेली माहिती उतरवून घ्यायची, संगणकावर सावकाश पूर्ण करायची आणि तयार फाइल चढवायची. भल्या पहाटे पोर्टल मोकळे असते.

विवरणपत्र पाठवले की काम संपले असे समजून कित्येक जण पडताळणी विसरतात. पाठवल्यापासून ३० दिवसांत आधार ओटीपी, नेट बँकिंग किंवा डीमॅट खात्यामार्फत पडताळणी करावी लागते. नाहीतर सही केलेला आयटीआर-व्ही स्पीड पोस्टने बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात या ३० दिवसांत पोहोचवावा लागतो. दिवस उलटले तर पडताळणीची तारीख हीच भरल्याची तारीख धरली जाते. म्हणजे शेवटच्या दिवशी पाठवलेले आणि दीड महिन्याने पडताळलेले विवरणपत्र उशिराचे ठरते, शुल्कासकट. पण याच नियमाचा शेवटच्या रात्री आधारही होतो. आधारला जुना मोबाइल क्रमांक जोडलेला असल्याने ओटीपी येत नसेल, तर विवरणपत्र त्या रात्री पाठवावे आणि पडताळणी पुढच्या आठवड्यात करावी.

मुदत गेल्यावर

मुदत गेली तरी ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे विवरणपत्र कलम १३९(४) खाली भरता येते. वेळेत भरलेले पण चुकलेले विवरणपत्रही त्याच तारखेपर्यंत सुधारता येते. म्हणून शेवटच्या रात्री एखादा किरकोळ आकडा अडला, तर सगळे थांबवण्यापेक्षा खरी माहिती असलेले विवरणपत्र वेळेत पाठवून नंतर सुधारणे चांगले. त्याने प्रणालीची निवड आणि तोट्याचा हक्क दोन्ही शाबूत राहतात. मात्र कर भरून झालेला असावा. सदोष ठरलेले विवरणपत्र दुरुस्त करायला कलम १३९(९) खाली १५ दिवस मिळतात.

३१ डिसेंबरही गेला तर उरते ते अद्ययावत विवरणपत्र, आयटीआर-यू. आकारणी वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत ते भरता येते, पण जास्तीचा कर वाढत जातो: पहिल्या वर्षात २५ टक्के, मग ५०, ६० आणि ७०. यात कर कमी करता येत नाही आणि परतावा मागता येत नाही. ज्याचा परतावा अडकला आणि ज्याला आजारपणासारख्या खऱ्या अडचणीमुळे मुदत पाळता आली नाही, त्याला कलम ११९(२)(बी) खाली उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार हा अर्ज आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत द्यावा लागतो. १ कोटीपर्यंतच्या दाव्याचा निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त घेतात आणि शक्यतो सहा महिन्यांत तो निकाली काढायचा असतो. अर्ज मंजूर झाला तर परताव्याची मूळ रक्कम मिळते. त्यावर व्याज मिळत नाही.